जमलं तर येतो

छपरावरून घसरणाऱ्या बर्फाने काचा फुटू नयेत म्हणून ओकुनोसावा वाडीत नोव्हेंबर सरता सरता खिडक्यांना बाहेरून फळ्या ठोकतात, त्या एप्रिलपर्यंत निघत नाहीत. मधले पाच महिने सकाळ घरात शिरते ती फळ्यांच्या फटींतून. सुरुवातीला तिला उजेड म्हणता येत नाही; काळोखच तेवढा एका अंगाने पातळ होत जातो. मग स्वयंपाकघराच्या लाकडी जमिनीवर एक निळी रेघ उमटते, थोड्या वेळाने तिच्या शेजारी दुसरी, आणि तिसरी उमटेपर्यंत पहिली जागची हललेली असते. रेघा मुळ्याच्या लोणच्याच्या बरणीपाशी येतात, बरणीतल्या पाण्यात किंचित वाकतात, पलीकडून निघून रॉकेलच्या शेगडीवर चढतात. शेगडीवरच्या किटलीला एका बाजूला पोचा आहे. त्या पोच्यात उजेड काही क्षण साठून राहतो, जणू त्याला पुढे जायची घाई नसते. तेवढ्यात निळेपणा ओसरतो आणि सगळ्या वस्तूंवर तांदळाच्या धुवणासारखा पांढुरका रंग चढतो. अगदी शेवटी, सर्वांत वरची फळी जिथे तडकली आहे तिथून, बोटाच्या पेराएवढा पिवळा तुकडा आत येतो आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर स्थिरावतो.

शुन्पेईला हा उजेड रविवारीच भेटत असे. इतर सहा दिवस तो अंधारात घर सोडी आणि अंधारात परते. मधला सारा वेळ अळंब्यांच्या शेडमध्ये जाई, जिथे हजारो बाटल्यांतून पांढऱ्या, बारीक देठांची अळंबी दिव्याशिवाय वाढत. आई-वडील खाली शहरात बहिणीकडे राहायला गेले त्याला तीन हिवाळे झाले होते. सव्वीस वर्षांच्या एकट्या माणसाला एवढ्या घराची गरज नव्हती, पण घराला कुणाची तरी गरज असावी असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं.

पिवळा तुकडा सरकत फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारच्या चौकटीवर आला. त्या चौकटीत त्याने पेन्सिलने बारीक लिहिलं होतं: अकरा एकोणीस. तो त्या आकड्यांवरून उजेड पुढे जाईपर्यंत पाहत राहिला.

बाहेर गाडीचा भोंगा वाजला.

“उठलास का रे? की तुझ्या अळंब्यांसारखा अंधारातच उगवणार आहेस?” तोकुजीकाका गाडीची काच खाली करून ओरडत होते. अडुसष्टाव्या वर्षीही त्यांचा आवाज दरीच्या पलीकडे पोचत असे. दर फेब्रुवारीत वाड्यावाड्यांमध्ये टप्प्याटप्प्याने पळायची शर्यत होई, आणि गेली एकतीस वर्षं तिच्यातल्या ओकुनोसावाच्या संघाचे ते प्रमुख होते.

“आलो, काका.”

मागच्या सीटवर हात्सुएकाकू मांडीवर डबा घेऊन बसल्या होत्या. तो आत बसताच त्यांनी पानात गुंडाळलेले दोन भाताचे गोळे त्याच्या हातात कोंबले. “आत खारवलेला आलुबुखार आहे. पळण्याआधी एकच खा. दोन खाल्लेस तर धरणावरच झोप काढशील.”

“हो, काकू.”

“आणि संध्याकाळी सभागृहात डुकराच्या मटणाचं सूप आहे. आपल्या वाडीचं शेवटचंच म्हणायचं. येशील ना?”

“जमलं तर येतो.”

“झालं! म्हणजे नाही.” काकूंनी पुढे वाकून नवऱ्याच्या खांद्यावर टिचकी मारली. “ऐकलंत? सहा वर्षं हेच चाललंय. हा ‘जमलं तर’ म्हणाला की मी एक वाटी कमीच मांडते.”

“अगं, त्याला पळू दे आधी. तुझ्या सुपाच्या धाकाने पाय लटपटायचे त्याचे.”

शुन्पेई ओशाळून हसला. काकूंना राग नव्हता. या डोंगरात कुणी कुणाच्या तोंडावर नाही म्हणत नाही. जमलं तर येतो म्हणतात, आणि ऐकणारा मुकाट्याने एक वाटी कमी मांडतो. माणसांची गर्दी त्याला सोसत नसे, म्हणून हे शब्द त्याच्या तोंडी इतके बसले होते, की ते उच्चारताना आता जीभसुद्धा हलवावी लागत नसे.

गाडी वळणं उतरू लागली. दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच बर्फाच्या भिंती होत्या. तोकुजीकाकांच्या आणि त्याच्या मधल्या जागेत एक कापडी पिशवी होती, तिच्यात घडी केलेली तासुकी. खांद्यावरून तिरका घालायचा तो हिरवा पट्टा पहिल्या टप्प्याचा धावक घालून निघे, दुसऱ्याच्या हाती देई, आणि असा सहा जणांच्या अंगावरून तो नगरपालिकेच्या पायऱ्यांपर्यंत पोचे. उन्हा-घामाने त्याचा हिरवा रंग आता शेवाळासारखा झाला होता. पट्ट्याच्या आतल्या बाजूला गेल्या चोपन्न वर्षांतल्या धावकांची नावं शाईने लिहिली होती. त्यातल्या एका जागी दोन नावं अगदी चिकटून होती, शुन्पेई आणि वातारू. त्या वर्षी दोघेही अठरा वर्षांचे होते.

एप्रिलपासून ओकुनोसावा खालच्या वाडीत विलीन होणार होतं. घरं उरली होती एकोणीस. पुढच्या वर्षी हा पट्टा सभागृहाच्या काचेच्या कपाटात जाणार होता. त्याआधी एकदा, शेवटचं एकदा, तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत अखंड जावा, एवढीच वाडीची इच्छा होती. गेली दोन वर्षं ते घडलं नव्हतं. ठरलेल्या वेळेपर्यंत पाचव्या टप्प्याचा धावक पोचला नाही, तर पंच शिटी वाजवतात आणि खोळंबलेल्या सहाव्या धावकाला पांढरा पट्टा घालून सोडून देतात. वाडीचा पट्टा मग मागेच राहतो, उशिरा आलेल्याच्या हातात, घ्यायला कुणी नसताना. दोन्ही वर्षी तो उशिरा आलेला माणूस शुन्पेईच होता.

“वातारू कितीच्या गाडीने म्हणालास?” तोकुजीकाकांनी रस्त्यावरची नजर न काढता विचारलं.

“अकरा एकोणीस.”

“आणि वेळ संपते साडेअकराला.”

“अकरा मिनिटं मिळतात. नाक्यावरच तर स्टेशन आहे. कोट काढायचा, नाड्या बांधायच्या. पुरेत.”

“येतो म्हणाला ना?”

“येतो म्हणालाय.”

काकांनी काचेवरचा बर्फ पुसायला वायपर फिरवला. तो एकदा फिरला, दुसऱ्यांदा फिरला. “बरं,” ते म्हणाले. “नावांचं मी बघतो. तू तुझे नऊ किलोमीटर बघ.”

एरवी प्रत्येक वाक्याला शेपूट जोडणाऱ्या हात्सुएकाकू खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

डिसेंबरच्या अखेरीस शुन्पेईने वातारूला निरोप धाडला होता. तो लिहायला त्याला तीन संध्याकाळी लागल्या. लिहिलेलं बहुतेक सगळं खोडून शेवटी उरलं ते असं: “यंदा आपली शेवटची. सहावा टप्पा तुझ्यासाठी ठेवतो. येशील?” तोक्योहून उत्तर यायला चार दिवस लागले. मान लववून नमस्कार करणाऱ्या सशाचं एक चित्र होतं, आणि त्याखाली तीन शब्द. जमलं तर येतो.

शुन्पेईने ते तीन शब्द अनेकदा वाचले, आणि वेळेत पोचणारी गाडी वेळापत्रकात स्वतःच शोधून ठेवली. वातारू सहा वर्षांपूर्वी वाडी सोडून गेला. तिकडे माणसं मोकळं बोलतात म्हणे. तिकडे जमलं तर म्हणजे जमलं तर असूही शकेल. शिवाय वातारूला नाही म्हणायचं असतं तर तो काहीच म्हणाला नसता. गेल्या दोन नववर्षांच्या शुभेच्छांना तो काहीच म्हणाला नव्हता. असे विचार करत करत, दुसऱ्या दिवशी सभागृहात तोकुजीकाकांसमोर बसल्यावर, त्याने निरोपाचा शेवटचा शब्द तेवढा सांगितला. पहिले दोन गाळले. गाळताना ते किती हलके वाटले होते!

पट्टा हातोहात द्यायचा चौथा नाका धरणाच्या भिंतीवर होता. दहा पन्नास झाले. आठ वाड्यांचे धावक येऊन आपापले पट्टे देऊन मोकळे झाले होते; ओकुनोसावाचा शोगो, जो एरवी रस्त्यावरचा बर्फ काढायचं यंत्र चालवतो, अजून दिसत नव्हता. वारा धरणाच्या गोठलेल्या पाण्यावरून सरळ अंगावर येत होता. शुन्पेईने कोट काढून दिला आणि रेषेवर उभा राहिला. उघड्या दंडांवर सुया टोचाव्यात तशी थंडी बसली.

वळणावर शोगो दिसला. त्याने पट्टा खांद्यावरून काढून मुठीत धरला होता आणि तो धापा टाकत ओरडत होता, “सरक पुढे! सरक! घे, आणि यंदा उशीर केलास ना, तर परत येताना यंत्राखाली घालीन तुला!”

“किती आहेत?”

“एकोणचाळीस मिनिटं! बोलत काय बसलायस, गाढवा!”

पट्टा हातात आला. पाच-सहा पावलं पळत शुन्पेईने तो डोक्यातून खांद्यावर घेतला आणि सुटलेलं टोक चड्डीत खोचलं. चार माणसांच्या घामाने तो ओला होता आणि क्षणभर चक्क ऊबदार वाटला. मग त्या ओलीत वारा शिरला.

धरणापासून रस्ता नदीच्या कडेने खाली जातो. रस्त्याच्या मधोमध बसवलेल्या तोट्या हिवाळाभर जमिनीतलं पाणी उडवतात. त्याने बर्फ वितळतो आणि पाण्यातल्या लोहाने सगळा रस्ता गंजासारखा तांबडा होतो. धावकाला दोनच वाटा असतात. मधून पळालं तर पाय घोट्यापर्यंत भिजतात, कडेने पळालं तर दाबलेल्या बर्फावर घसरतात. गेली दोन वर्षं शुन्पेई कडेने पळाला होता. आज त्याने मधली वाट धरली. पहिल्याच किलोमीटरमध्ये बूट भरले. तिसऱ्यापर्यंत बोटं दुखत होती. चौथ्यानंतर ती असल्याचं कळेनासं झालं.

पुढे कुणी नव्हतं, मागेही कुणी नव्हतं. शर्यतीत शेवटच्या असलेल्या माणसाला एक वेगळीच शांतता लाभते. टाळ्या वाजवणारे केव्हाच घरी गेलेले असतात. एका वळणावर एक म्हातारी लाकडी फावड्याने दारातला बर्फ ओढत होती. त्याला पाहून तिने फावडं खाली ठेवलं, टाळ्या वाजवायला हातमोजे काढले, आणि ते निघेपर्यंत तो पुढे गेला होता.

लहानपणी शाळेत जाताना रात्रीतून पडलेल्या नव्या बर्फात वातारू पुढे चालत असे. तो गुडघ्याएवढे खड्डे पाडत जाई आणि शुन्पेई त्याच खड्ड्यांत पाय टाकत मागून येई. “तुझा एकही पाय नवा पडत नाही रे,” वातारू मागे न बघता हसायचा. “मी दरीत उतरलो तर तूही उतरशील?” शुन्पेई उत्तर देत नसे. तो खड्ड्यांतलं अंतर मोजत असे. वातारूची ढांग त्याच्यापेक्षा लांब होती आणि ती पुरवताना त्याला प्रत्येक पावलाला किंचित उडी घ्यावी लागे. पुढे पळू लागल्यावरही त्याची ढांग तशीच राहिली. स्वतःच्या उंचीपेक्षा थोडी जास्त.

पाचव्या किलोमीटरनंतर हिमकडे कोसळतात म्हणून रस्त्यावर छत घातलं आहे. डाव्या अंगाला डोंगर, उजवीकडे खांब, खांबांपलीकडे नदी आणि नदीपलीकडे रूळ. खांबांमधून उजेडाचे पट्टे रस्त्यावर आडवे पडले होते. पट्टा, सावली, पट्टा, सावली. त्याच्या छातीवरचा हिरवा रंग उजळे आणि विझे. त्याच्या मनात आलं, की वातारू स्टेशनातून बाहेर पडेल, त्याच्या अंगावर शाळेत असतानाचा तोच निळा कोट असेल, आणि तो म्हणेल, “अजून माझ्याच पावलांत पळतोस का रे?” याला आज तो काहीतरी उत्तर देणार होता. काय द्यायचं ते ठरलं नव्हतं, पण तोंड उघडलं की सुचेल असा त्याला विश्वास वाटत होता.

तेवढ्यात पलीकडच्या फाटकाची घंटा वाजू लागली.

दोन डब्यांची गाडी मागून आली. बर्फात तिचा आवाज दबलेला होता. खांबाखांबांतून ती तुकड्यातुकड्याने दिसत होती. शुन्पेईने पळता पळता मान वळवली. काचांवर वाफ धरली होती. आत नुसते आकार होते. दुसऱ्या डब्यात एका खिडकीपाशी कुणीतरी तळहाताने काच पुसली, गोल, दोनदा. त्या गोलात एक चेहरा आला, आणि पुढचा खांब आडवा आला. खांब सरला तेव्हा गाडी पुढे गेली होती.

तोच. दुसरं कोण असणार? कोण या हवेत काच पुसून रस्त्याकडे बघेल?

मग तो जसा पळाला तसा यापूर्वी कधी पळाला नव्हता. गार हवा छातीत काचेच्या चुऱ्यासारखी जात होती. पापण्यांवर दहिवर धरलं होतं. शेवटचे तीन किलोमीटर वारा समोरून होता आणि त्याने हनुवटी पट्ट्यात खुपसून घेतली, आतल्या नावांवर. त्याने घड्याळाकडे पाहिलं नाही. गाडी स्टेशनात पोचल्याचा भोंगा ऐकू आला. त्यानंतर तो मिनिटं मोजू लागला. आता उतरला. आता फाटकातून बाहेर आला. आता काकांना भेटला, काका शिव्या देतायत. आता नाड्या बांधतोय, उजवी आधी. तो नेहमी उजवी आधी बांधतो.

शेवटचं वळण आलं. स्टेशनसमोरचं पटांगण दिसलं. रेषेवर एकच माणूस उभा होता. छातीवर ओकुनोसावाचा हिरवा क्रमांक. त्याच्या मागे पंच एका हाताने शिटी ओठांशी धरून उभा होता. दुसऱ्या हातात पांढरा पट्टा लोंबत होता.

शुन्पेईने पट्टा काढला, मुठीत ताणून धरला, आणि मग त्याला दिसलं, की रेषेवरच्या माणसाचे गुडघे आत वळलेले आहेत.

“बघतोस काय! आण इकडे!” तोकुजीकाका ओरडले. लोकरी टोपीखाली त्यांचे कान लाल झाले होते. उघड्या पोटऱ्यांवर निळ्या शिरा होत्या. “पळ, पळ, मेल्या, वीस सेकंदं आहेत!”

त्याने पट्टा त्यांच्या हातात दिला. दोघांची बोटं एकमेकांना लागली. कुणाचीच कुणाला कळली नसावीत.

“काका...”

“छान पळालास,” पाठमोरे होत काका म्हणाले, आणि हिरवा पट्टा डोक्यातून घालत, डावा पाय किंचित फरफटत, निघून गेले. शिटी वाजली ती ते वळल्यावर. पंचाने पांढरा पट्टा घडी करून खिशात ठेवला.

शुन्पेई आलेल्या रस्त्याकडे वळला आणि रिवाजाप्रमाणे त्याने रस्त्याला वाकून नमस्कार केला. उठायला त्याला वेळ लागला.

नाक्याच्या मांडवाला धावकांची यादी टाचली होती. तिच्यावर नगरपालिकेचा शिक्का होता, दहा जानेवारीचा. ओकुनोसावा, सहावा टप्पा: तोकुजी, वय अडुसष्ट. नाव खाडाखोड न करता, काकांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं होतं. म्हणजे सभागृहात “येतो म्हणालाय” हे ऐकल्यावर ते घरी गेले असणार, आणि त्यांनी एक वाटी कमी मांडली असणार.

पटांगणाच्या स्टेशनकडच्या अंगाला सकाळपासून पडलेला बर्फ कुणी तुडवला नव्हता. स्टेशनच्या फाटकापासून रस्त्यापर्यंत पावलांची एकच रांग गेली होती. पावलं लहान होती, आणि प्रत्येक पावलाशेजारी काठीचं एकेक भोक.

धावकांना नगरपालिकेपाशी नेणारी बस सुरू होती. त्याला कुणीतरी कोट दिला, कुणीतरी बसमध्ये बसवलं. शेजारी खालच्या वाडीचा एक जाडजूड गडी बसला होता, त्याने केव्हाच टप्पा संपवून अर्धी पिशवी संत्री संपवली होती. बस निघाली. काचांवर वाफ होती. शुन्पेईने तळहाताने काच पुसली.

थोड्याच वेळात त्या गोलात तोकुजीकाका आले. ते तांबड्या पाण्यातून, मधोमध, एकसारखे पळत होते. फार हळू, पण थांबत नव्हते. तोंडातून वाफ निघत होती आणि पट्ट्याचं टोक चड्डीतून सुटून मागे फडफडत होतं. बस त्यांना ओलांडून पुढे गेली.

“तुमचा म्हातारा पोचतोय बघ,” शेजारचा म्हणाला. “पट्टा जाणार तुमचा शेवटपर्यंत. बरं झालं.” त्याने एक संत्रं शुन्पेईच्या मांडीवर ठेवलं. “पण काय रे, तो तुझा तोक्योचा दोस्त यायचा होता ना? आमच्याकडे सगळे घाबरून होते. शाळेत असताना काय पळायचा!”

“हो.”

“येतो म्हणाला होता ना?”

शुन्पेई काचेकडे बघत होता. पुसलेल्या गोलावर पुन्हा वाफ धरू लागली होती.

“जमलं तर येतो, म्हणाला होता,” तो म्हणाला.

शेजाऱ्याचा संत्रं सोलणारा हात थांबला. मग पुन्हा चालू लागला. “अच्छा,” तो हळूच म्हणाला. “म्हणजे नाही.”

“हो,” शुन्पेई म्हणाला. “म्हणजे नाही.”